बाकीच्या बायका कुठे गेल्या

१ जून

प्रिय ताई,

आधी बस, मग पुढे वाच. मला नोकरी लागली आहे. साठी उलटल्यावर, आणि तीही चालत जाता येईल इतक्या अंतरावर. फोनच करणार होते, पण फोनवर तू दोन वाक्यं झाली की "बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. ही गोष्ट "बरं"वर संपण्यासारखी नाही.

नोकरी वाचण्याची आहे. आमच्या रस्त्याच्या टोकाला छत्र्यांचा कारखाना आहे, हिरव्या दाराचा. त्याच्या वरच्या मजल्यावर अठरा बायका छत्र्यांच्या काड्यांवर हाताने कापड टाचतात. यंत्रं सगळी खाली. वर सुई-दोऱ्याचं काम, त्याचा काय आवाज होणार. तिथे एक रेडिओ होता. कुठलं स्टेशन लावायचं यावरून इतकी भांडणं झाली की एक दिवस कुणीतरी त्याचं बटणच उपटून नेलं. मालकांच्या सुनेने कुठेतरी वाचलं होतं की पूर्वी काही कारखान्यांत कामगारांना पुस्तक वाचून दाखवायला माणूस ठेवत. तिने दारावर पाटी लावली: वाचणारी पाहिजे. मी भाजी घेऊन परत येत होते. पिशवीसकट आत शिरले.

"आधी काय करत होता?" तिने विचारलं.

"स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा. एकतीस वर्षं."

तिने समोर पडलेली मालाची पावती पुढे केली. मी ती वाचली. "काळ्या छत्र्या, लाकडी दांड्याच्या, बारा डझन." सूनबाई म्हणाली, आता या छत्र्या कुठल्या फलाटावर येणार तेही सांगा. आणि मला घेतलं.

ताई, तुला माहीत आहे, स्टेशनवरून मला निवृत्त केलं तेव्हा माझा आवाज नोंदवून ठेवला. आवाज अजून नोकरीत आहे, मी तेवढी घरी. हे गेल्यापासून मी दिवसाला किती बोलते ते परवा मोजलं. दूधवाला आणि वरच्या मजल्यावरच्या बाई मिळून एकवीस वाक्यं. म्हणून ही नोकरी मला हवी आहे. नुसती हवी नाही, टिकवायची आहे.

कारण मुदत सहाच आठवड्यांची आहे. १७ जुलैला सगळ्याजणी पेटीत रीळ टाकणार. पांढरं टाकलं तर मी, काळं टाकलं तर रेडिओ. रेडिओला नवं बटण आणूनही ठेवलंय.

सोमवारपासून सुरुवात. सकाळी अर्धा तास माहितीचं काहीतरी आणि जेवणानंतर तासभर कादंबरी. तू अडतीस वर्षं लायब्ररीत, माणसाचा चेहरा पाहून पुस्तक काढून देणारी. मी शाळेतही तू दिलेलं तेवढंच वाचलं. सांग, काय वाचू?

तुझी धाकटी


४ जून

धाकटे,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. बसायला जमलं नाही. वाचून झाल्यावर कपाट उघडलं आणि दुपारी दोनपर्यंत जेवले नाही. पुस्तकांचं पार्सल आज वेगळं टाकलं आहे.

पहिली गोष्ट. डोळ्यांचं पुस्तक वेगळं आणि कानांचं वेगळं. डोळे मागे जाऊ शकतात, कानांना ती सोय नाही. म्हणून एक फार सुंदर कादंबरी मी हातात घेऊन परत ठेवली. सतरा पात्रं, त्यातली चार एकाच नावाची. तुझ्या बायका सुया तुझ्याच अंगावर फेकतील.

सकाळसाठी जिन्यांचं पुस्तक वाच. एका म्हाताऱ्या सुताराने लिहिलेलं आहे. जन्मभर जिने केले आणि सत्तराव्या वर्षी हात थकले म्हणून लिहायला बसला. पायरी इतकीच उंच का, कठडा कमरेशीच का, वळणावर माणूस क्षणभर का थांबतो. सुरुवातच अशी: "माझ्या आईने मला जिन्याखालच्या खोलीत जन्म दिला, त्यामुळे जगातले पहिले आवाज मी पावलांचे ऐकले." मला सांग, एवढं ऐकल्यावर कोण उठून जाईल? ते संपलं की एका डॉक्टरीणबाईंच्या आठवणी आहेत. होडीतून रोगी तपासायला जायच्या आणि पहिल्याच पानावर त्यांची औषधांची पेटी पाण्यात पडते.

कादंबरी मात्र डोळे मिटून दे, ती टोप्यांच्या कारखान्याची. एक विधवा बाई कामाला लागते. पहिल्याच दिवशी तिला वर्षानुवर्षं अर्धवट शिवून पडलेल्या टोपीच्या अस्तरात एक चिठ्ठी सापडते: "मला इथून बाहेर काढू नका." कुणाची, ते माहीत नाही. टेबलाभोवती अकरा बायका. एक सतत गुणगुणते, एक आपल्या पावातला अर्धा कुत्रीसाठी ठेवते, एकीला दोन नवरे आहेत अशी बोलवा. तुझ्या बायकांना वाटेल, आपलाच मजला.

आणि घोषणा करू नकोस. शाळेत सिस्टर आपल्याला म्हणायच्या तसं, खिडकीतल्या माणसाशी बोलल्यासारखं वाच.

ताई


१९ जून

प्रिय ताई,

तू जादूगार आहेस.

पहिले दोन दिवस वाईट गेले, ते खरं सांगते. मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबत होते. मुकादमबाई म्हणाल्या, "बाई, गाडी कुठे अडकली का?" मग तुझं ऐकलं. समोर खिडकी आहेच. तिथे एक माणूस उभा आहे असं समजून वाचू लागले. तिसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. चौथ्या दिवशी मी पाणी प्यायला थांबले तर सहा जणी एकदम म्हणाल्या, "मग?"

जिन्यांनी तर वेड लावलं आहे. पायऱ्यांतली एक जरी बोटभर उंच असली तरी पाय अडखळतो, असं तो सुतार म्हणतो. दुसऱ्या दिवशी मुकादमबाई घरच्या जिन्याचं माप सुतळीवर घेऊन आल्या. सातवी पायरी उंच निघाली. "वीस वर्षं सासूबाई मला म्हणत होत्या, तुझं लक्षच नसतं," त्या म्हणाल्या, "आज संध्याकाळी ही सुतळी त्यांच्या हातात देते."

आणि कादंबरी, ताई. दुपारी एक वाजता जेवणाचे डबे असे पटापट बंद होतात. इथे एक बाई आहे, चाळिशीची, तिला सगळ्या टीपकागद म्हणतात. ऐकलेलं सगळं तिच्यात उतरतं. काल मी कुत्रीवालीला चुकून बहीण आहे म्हटलं, तर मान वर न करता म्हणाली, "तिला कुणी नाही. ती गोदामात झोपते. मंगळवारी वाचलंत."

लांबच्या टेबलावर कापड कापणारे काका आहेत, मजल्यावरचे एकुलते एक पुरुष. मताचं एक रीळ त्यांचंही. ते रोज जाहीर करतात, "मी ऐकत नाही, मला माझं काम आहे." अजून एकदाही त्यांनी माझ्याकडे पाहिलेलं नाही.

एक विचारायचं होतं. शेवट चांगला आहे ना? मुकादमबाई रोज विचारतात. मला राहवत नाही, पुढची पानं चाळावीशी वाटतात.

तुझी धाकटी


२३ जून

धाकटे,

अजिबात चाळायचं नाही. तुला शेवट माहीत असला की आवाजात उतरतो. त्यांना जेव्हा कळेल तेव्हाच तुला कळू दे, म्हणजे मजल्यावर तू त्यांच्यातलीच एक होशील. वाचून दाखवणाऱ्याचं सगळं बळ त्यात आहे.

शेवटाची काळजी सोड. इतकं सांगते, तुझ्या बायका हातातली सुई खाली ठेवतील.

मुकादमबाईंच्या सासूबाई सुतळी पाहून काय म्हणाल्या ते न विसरता कळव. जिन्यांनंतर डॉक्टरीणबाई लगेच सुरू कर, मध्ये एक दिवसही रिकामा जाऊ देऊ नकोस. तुझी पत्रं मी दोन-दोनदा वाचते. निवृत्त झाल्यापासून कुणी मला "काय वाचू?" विचारलं नव्हतं. आमच्या जागी आता पडदा आहे, नाव टाइप केलं की तो पुस्तकं सुचवतो. तो चेहरा बघत नाही.

ताई


८ जुलै

ताई,

सुया खाली ठेवल्या. तू म्हणालीस तसंच.

आज दुपारी कादंबरी संपली. तुला शेवट माहीतच आहे, पण मी लिहिते, कारण मला तुझ्याकडून ऐकायचंय की हा शेवट तू मला का दिलास. चिठ्ठी मालकाच्या मुलानेच लहानपणी लपवलेली. त्याचं आणि विधवेचं लग्न होतं, ती दोघं बोटीने निघून जातात. कारखाना विकला जातो. नवीन मालक यंत्रं आणतो. त्या अकरा बायका, ज्यांच्याबरोबर आम्ही पाच आठवडे बसलो, त्यांना एक वाक्य. "बाकीच्या बायका आपापल्या घरी गेल्या." मग बोट, समुद्र, समाप्त.

मी ते वाक्य वाचलं आणि एकेक सुई खाली ठेवली गेली. मुकादमबाईंनी विचारलं, "आपापल्या घरी म्हणजे कुठे?"

"लिहिलेलं नाही."

"पान उलटा."

"पान संपलं."

"कुत्रीवालीला घर नव्हतं," टीपकागद म्हणाली. "ती गोदामात झोपायची. ती कुठल्या घरी गेली?"

 तुला हे माहीत नाही, मीही लिहिलं नव्हतं, पण गेला आठवडाभर इथे कुजबुज आहे की खाली कापड टाचणारं यंत्र येतंय. मुकादमबाई उठल्या, माझ्या खुर्चीपाशी आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "बाई, हे पुस्तक सूनबाईंनी दिलं का? आम्हाला सवय व्हावी म्हणून?"

मी म्हटलं, माझ्या ताईने दिलं. त्या म्हणाल्या, "तिने तर वाचलंच असेल." आणि परत जागेवर गेल्या.

ताई, त्यांना वाटतंय मी मालकांचं माणूस आहे. जिना उतरले तेव्हा कुणी "उद्या या" म्हणालं नाही. रेडिओ माळ्यावरून खाली आला आहे, त्याला नवं बटण बसवलंय. मत नऊ दिवसांवर. तू अडतीस वर्षं लोकांना पुस्तकं दिलीस. हे पुस्तक टोप्या शिवणाऱ्या बायकांचं आहे आणि ते छत्र्या शिवणाऱ्या बायकांना वाचायचं आहे, हे तुला ठाऊक होतं. मग शेवट का सांगितला नाहीस?

धाकटी


११ जुलै

धाकटे,

मला शेवट माहीत नव्हता.

हे वाक्य लिहायला मला अख्खी रात्र लागली. आता लिहिलं आहे तर बाकीचंही लिहिते.

मी पुस्तकं शेवटपर्यंत वाचत नाही. ती टोप्यांची कादंबरी मी नव्वद पानं वाचली आहे. सुताराचं पुस्तक साठ. डॉक्टरीणबाईंचं पेटी पाण्यातून बाहेर निघेपर्यंत. कपाटातल्या तीनशे पुस्तकांतली पुरी वाचलेली दहाही नसतील.

सुरुवात शाळेत झाली. लायब्ररीचा पिरियड चाळीस मिनिटांचा, पुस्तक घरी न्यायचं नाही, घंटा झाली की सिस्टर हातातून काढून घ्यायच्या. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या मुलीकडे असायचं. मग मी शेवट मनातच रचायचे. सवय झाली. पुढे नोकरीत रोज नवी पुस्तकं यायची आणि सगळ्यांबद्दल काहीतरी सांगता यायला हवं होतं. चाळीस पानांत मला पुस्तकाचा स्वभाव कळतो, तो मला खरंच कळतो, त्यात लबाडी नाही. शेवट वाचकांकडून मिळायचा. पुस्तक परत आलं की मी विचारायचे, "कसं वाटलं?" लोक सांगायचे. ते ऐकून पुढच्याला म्हणायचे, "शेवट असा आहे की हातातलं काम खाली ठेवाल." हे वाक्य मी किती जणांना सांगितलं, मोजदाद नाही. तुलाही तेच सांगितलं. टोप्यांच्या कादंबरीचा शेवट मला कुणी कधी सांगितलाच नव्हता, कारण ती कुणी नेलीच नव्हती.

पुढचं चाळू नकोस म्हणाले, ते वाचण्यासाठी चांगलं आहे हे खरं. पण तू चाळलंस तर मला विचारशील, ही भीतीही होती.

शेजारीपाजारी, नातेवाईक, तू, सगळे मला खूप वाचलेली समजतात. मी खूप सुरुवाती वाचलेली बाई आहे. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली तर मी काय करू शकते, मला सुचत नाही. हे पत्र त्यांना दाखवायचं असेल तर दाखव. माझ्या नावाला काय व्हायचं ते होऊ दे, तुझ्यावरचा संशय जायला हवा.

ताई


१८ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र दाखवलं नाही. वाचून दाखवलं.

बुधवारी आलं. तोपर्यंत मी डॉक्टरीणबाई वाचत होते आणि सगळ्या माझ्याकडे पाठ करून बसल्यासारख्या शिवत होत्या. गुरुवारी जेवणानंतर मी उभी राहिले आणि म्हटलं, आज एक पत्र आहे, सात मिनिटांचं. पहिलं वाक्य वाचलं, "मला शेवट माहीत नव्हता." एक सुई थांबली, मग दुसरी. "खूप सुरुवाती वाचलेली बाई" आलं तेव्हा मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि मग ते सगळ्या मजल्यावर पसरलं, ताई. वाईट हसणं नव्हतं. मुकादमबाई डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे यांना माहीत नव्हतं, त्यांना माहीत नव्हतं, आणि आम्ही आपल्या सूनबाईंना शिव्या घालतोय."

ज्यांचा विषय त्या जिन्यातच उभ्या होत्या. मुकादमबाईंनी तिथल्या तिथे विचारलं, यंत्र येतंय का? सूनबाई म्हणाल्या, येतंय, लहान मुलांच्या छत्र्यांसाठी, वरच्या मजल्यावरचं कुणी जाणार नाही. मुकादमबाई म्हणाल्या, "ते लिहून द्या. बाई वाचून दाखवतील." शुक्रवारी सकाळी मी सहीशिक्क्याचा कागद वाचला. जिन्यांचं पुस्तकही ऐकलं नव्हतं इतकं मन लावून सगळ्यांनी तो कागद ऐकला.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. टीपकागद म्हणाली, "त्या बायका अजून रस्त्यावरच आहेत. त्यांना कुठेतरी पोचवायला नको का?" आणि सुरू झालं. गुणगुणणारीला एकीने नाटकाच्या मंडळीत घातलं, दुसरी म्हणाली छे, तिचा गळा नाही तसा, ती पाळणाघरात मुलांना झोपवायला राहिली. दोन नवरेवालीला दोघांनीही घरात घेतलं नाही, यावर एकमत झालं, आणि ती फार सुखात आहे यावरही. मी लिहून घेत होते. कुत्रीवालीवर सगळ्या अडल्या. घर नाही, कुणी नाही, गोदाम विकलेलं.  तेवढ्यात लांबच्या टेबलावरून आवाज आला.

"ती कुठेही गेली नाही."

कापणारे काका. कात्री कापडातच होती, वर पाहिलं नव्हतं.

"गोदामाच्या किल्ल्या तिच्याकडेच होत्या. नवा मालक आला तेव्हा तिने दार उघडलं नाही. तिसऱ्या प्रकरणात किल्ल्यांचं आहे. तुम्ही कुणी ऐकत नाही."

काल मत झालं. एकोणीस रिळं. तेरा पांढरी. सहा काळी, त्या सहा कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांना गाणी हवी आहेत, त्यात चूक काय. म्हणून असं ठरलं की शनिवारी दुपारी रेडिओ, बाकी सगळे दिवस मी. कायमची, ताई. सोमवारी मला माझी खुर्ची मिळणार आहे, गादीची.

एक अट आहे आणि ती तुझ्यासाठी आहे. मुकादमबाईंनी शब्द सांगितले आणि मी लिहून घेतले: "ताईंनी पुढची पुस्तकंही त्यांनीच निवडावीत, दुसऱ्या कुणाची निवड आम्हाला नको. पण पुरं वाचून पाठवावं. शेवट वाईट असला तरी चालेल, आम्हाला आधी सांगू नये, फक्त त्यांनी स्वतः तिथपर्यंत जाऊन यावं."

मी आज दुपारपर्यंत किती वाक्यं बोलले, ते मोजायचं राहूनच गेलं.

तुझी धाकटी


२६ जुलै

धाकटे,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी वाचते आहे. सकाळी खिडकीशी बसते, दुपारी पलंगावर, मान दुखली की पुन्हा खिडकीशी. तुला पाठवलेल्या पुस्तकांच्या दुसऱ्या प्रती लायब्ररीतून आणल्या आणि पहिल्यांदा ती टोप्यांची कादंबरी संपवली. ते वाक्य आलं आणि मी त्या लेखकाला मोठ्याने काय म्हणाले, ते इथे लिहीत नाही, आपण सिस्टरांच्या शाळेत होतो. तुमचे काका बरोबर आहेत. किल्ल्या तिच्याकडेच होत्या. लेखकच विसरला.

मग डॉक्टरीणबाई. तुम्ही कुठपर्यंत आलात ठाऊक नाही, म्हणून गप्प बसते. एवढंच सांगते की आता मला माहीत आहे.

आणि काल दुपारी तिसरं संपलं, तुमच्यासाठी काढलेलं. एक साधी कादंबरी, एका पोस्टमनची आणि त्याच्या आंधळ्या भावाची. शेवटच्या पानावर आले, वाचलं, पुस्तक मिटलं आणि उभी राहिले. काय करावं कळेना. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मला कुणालातरी सांगायचं होतं, आत्ता, याच मिनिटाला. चपला घालून खाली गेले. खाली शिंप्याचं दुकान आहे, आजवर त्याच्याशी उसवलेल्या बाह्यांपलीकडे बोललेले नाही. त्याला सांगितलं. पोस्टमन, भाऊ, सगळं. तो गळ्यातली टेप धरून ऐकत राहिला. गिऱ्हाईक आलं तर त्यालाही म्हणाला, थांबा जरा.

परत वर येताना जिन्याच्या वळणावर थांबले आणि मला लायब्ररीचं टेबल आठवलं. लोक पुस्तक परत करायचे, मी शिक्का मारायचे, आणि ते तिथेच उभे राहायचे. हात टेबलाच्या कडेवर. मी "कसं वाटलं?" विचारायचे, शेवट कळला की माझं काम झालेलं असायचं. ते अजून उभेच. काहीतरी सांगायला तोंड उघडायचे. एक म्हातारे गृहस्थ तर टोपी हातात घेऊन पाच मिनिटं उभे होते एकदा. मला वाटायचं, यांना घाई कशी नाही.

अडतीस वर्षं, धाकटे, मी त्यांना म्हणत होते, मागे रांग आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. पुस्तक घेऊन येते, शेवट सांगणार नाही, शप्पथ. पण दुपारी रेडिओ लागण्याआधी मला त्या खिडकीशी एक खुर्ची दे. त्या तेरा जणांना आणि सहा जणांना एकेक करून विचारायचं आहे, आणि त्यांचं बोलून संपेपर्यंत मी उठणार नाही.

ताई